फिग्मात चित्र, आवाज आणि व्हिडिओ: वेरूळच्या ऑडिओ गाइडचा प्रोटोटाइप बांधताना

फिग्मा, म्हणजे ॲप आणि वेबसाइटचे पडदे आखण्याचं सॉफ्टवेअर, शिकवणाऱ्या व्हिडिओंना तोटा नाही. बटण कसं काढायचं, ऑटो लेआउट कसा लावायचा, कम्पोनंट कशाला म्हणतात, हे सगळं त्यांत येतं. तारांबळ उडते ती राखाडी चौकटीच्या जागी खरा फोटो बसवायची वेळ आली की. फोटो बसतो, पण देवळाचं शिखर कापलं जातं. फाईल रखडू लागते. व्हिडिओ ओढून टाकला तर तो हलतच नाही, आणि आवाज कुठून घालायचा तो मेनू काही केल्या सापडत नाही.

इथे एकच उदाहरण धरून पुढे जाऊ: वेरूळच्या कैलास लेण्यासाठी मोबाइलवरच्या ऑडिओ गाइडचा प्रोटोटाइप, म्हणजे खरं ॲप बनवण्याआधीचा, क्लिक करून पाहता येणारा नमुना. वेरूळला क्रमांक दिलेली ३४ लेणी आहेत, त्यांतलं सोळावं म्हणजे कैलास. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, डोंगर वरून खाली कोरत आणलेलं. सरावाला हा विषय चांगला, कारण यात उभी-आडवी चित्रं, निवेदन आणि फिरती दृश्यं हे तिन्ही लागतं. शिवाय ॲप वापरणारा माणूस भर उन्हात, गर्दीत, मान वर करून उभा असतो. वातानुकूलित खोलीत मॉनिटरवर सुंदर दिसणारी रचना तिथे उघडी पडते.

फोटो हा थर नाही

फिग्मात चित्र नावाची स्वतंत्र वस्तू नसते. तुम्ही फोटो ओढून कॅनव्हासवर टाकता तेव्हा फिग्मा एक आयत बनवतं आणि त्या आयताच्या आत रंगाच्या जागी फोटो भरतं. उजवीकडच्या पट्टीत पाहा, तो ‘फिल’च्या खाली दिसेल, जिथे एरवी निळा-पिवळा रंग असतो. व्हिडिओचंही तेच. पुढचं जवळपास सगळं या एका गोष्टीतून निघतं.

एक, कुठल्याही आकारात फोटो भरता येतो: वर्तुळात, पेन टूलने काढलेल्या वेड्यावाकड्या आकृतीत, अख्ख्या फ्रेममध्ये, म्हणजे पडदा किंवा त्याचा भाग धरणाऱ्या चौकटीतसुद्धा. गोल फोटोसाठी मास्क, म्हणजे फोटो कापून दाखवणारा दुसरा आकार, लावण्याची गरज नसते. दोन, एका आकारात एकावर एक कितीही फिल रचता येतात. तीन, आयत लहान केला तरी आतलं मूळ चित्र लहान होत नाही. ते पूर्ण आकारात फाईलमध्ये बसून राहतं. कापलेला भागसुद्धा तिथेच असतो. फाईल जड होण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण.

आधी फोटो हलके करा

फिग्मा उघडण्याआधीचं हे काम कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच टाळलं जातं. मोबाइलच्या १२ मेगापिक्सेल कॅमेऱ्याचा फोटो साधारण ४००० बाय ३००० पिक्सेलचा असतो. जेपेग म्हणून त्याची फाईल तीन-चार एमबी भरते, पण पडद्यावर दाखवताना ती उलगडावी लागते आणि दर पिक्सेलमागे चार बाइट लागतात. म्हणजे एका फोटोला ४८ एमबी मेमरी. असे वीस फोटो आणि त्यांच्या प्रती वेगवेगळ्या पडद्यांवर पसरल्या की लॅपटॉपचा पंखा का ओरडतो ते कळतं. फिग्माच्या एका फाईलला साधारण २ जीबी मेमरीची हद्द आहे. त्या हद्दीजवळ गेलात की इशारा दिसतो.

आपल्याला किती पिक्सेल हवेत? ३६० बाय ८०० ची अँड्रॉइड फ्रेम घेतली, तर तीनपट घनतेच्या फोनवर रुंदी होते १०८० पिक्सेल. पूर्ण रुंदीच्या आडव्या फोटोला १२०० पिक्सेल रुंदी पुरून उरते. पूर्ण पडदा व्यापणारा उभा फोटो १०८० बाय २४०० चा करा. यादीतल्या लहान चौकोनाला ३०० पिक्सेल पुष्कळ. फक्त जे शिल्प बोटांनी मोठं करून पाहायचं आहे, त्याच्यासाठी मोठी प्रत ठेवा. तिथेही ४०९६ पिक्सेलची मर्यादा लक्षात असू द्या, कारण त्याहून मोठी बाजू असलेलं चित्र फिग्मा स्वतःच लहान करून घेतं.

आकार कमी करायला ‘स्क्वूश’ हे ब्राउझरमध्ये चालणारं मोफत साधन पुरेसं आहे. छायाचित्रांना जेपेग किंवा वेबपी, पारदर्शक पार्श्वभूमी हवी तिथे पीएनजी. चिन्हं आणि लेण्याचा नकाशा एसव्हीजी. एसव्हीजी आत आणली की ती चित्र राहत नाही, तिचे सुटे आकार होतात आणि रंग-रेषा बदलता येतात. नकाशात चालू लेणं ठळक करायचं असेल तर याचा फार उपयोग होतो.

फोटो कुणाचा आहे हेही इथेच पाहून घ्या. विकिमीडिया कॉमन्सवर वेरूळचे भरपूर फोटो आहेत, पण त्यांतल्या अनेकांना छायाचित्रकाराचं नाव आणि परवान्याचा उल्लेख देणं बंधनकारक आहे. हे नाव ॲपमध्ये कुठे छापणार, हा रचनेचाच प्रश्न आहे. शेवटी आठवला तर जागा उरत नाही.

चित्र बसवणं आणि शिखर वाचवणं

विंडोजवर कंट्रोल-शिफ्ट-के, मॅकवर कमांड-शिफ्ट-के. फोल्डरमधून एकदम सहा फोटो निवडा. मग कॅनव्हासवर आधीच आखलेल्या कार्डांमधल्या चौकटींवर एकामागून एक क्लिक करत जा. प्रत्येक क्लिकला पुढचा फोटो त्या चौकटीत भरला जातो. एकेक ओढून, आकार जुळवून, कोपरे गोल करत बसणारे लोक हे पाहून हळहळतात.

आता फिलवर क्लिक करा. भरण्याच्या चार पद्धती दिसतील. ‘फिल’ चौकट पूर्ण भरते आणि उरलेलं कापते. ‘फिट’ पूर्ण चित्र दाखवते आणि बाजूला रिकामी जागा सोडते. ‘क्रॉप’मध्ये कुठला भाग दिसावा ते आपण ठरवतो. ‘टाइल’ तेच चित्र पुन्हा पुन्हा मांडते. ती नक्षीला ठीक, फोटोला नाही.

बहुतेक वेळा ‘फिल’ चालतं, पण ते चित्राचा मध्य धरून कापतं, आणि लेण्यांच्या फोटोत महत्त्वाचं क्वचितच मध्यभागी असतं. कैलास पर्वत हलवणाऱ्या रावणाचं शिल्प घ्या. रावण खाली, शिव-पार्वती वर. आडव्या पट्टीत मध्य कापला तर दोघांपैकी एक तरी अर्धवट होतो. ‘क्रॉप’ने हवा तो भाग धरता येतो, पण पुढे चौकटीचा आकार बदलला तर चित्र ताणलं गेलंय का ते तपासत राहावं लागतं. वेगवेगळ्या रुंदीच्या फोनसाठी बनवताय तर दुसरा मार्ग जास्त भरवशाचा: बाहेर एक फ्रेम घ्या, तिचं ‘क्लिप कंटेंट’ (चौकटीबाहेर गेलेलं झाकणारी सोय) चालू ठेवा, आत फोटोचा आयत फ्रेमपेक्षा मोठा ठेवा आणि कन्स्ट्रेंटमध्ये, म्हणजे थर कुठल्या कडेला धरून राहील ते ठरवणाऱ्या सोयीत, तो खालच्या किंवा वरच्या कडेला बांधा. फ्रेम वाढो की घटो, बांधलेली बाजू हलत नाही.

उजेडाची दुरुस्ती फिग्मातच होते. एक्स्पोजर, कॉन्ट्रास्ट, सॅच्युरेशन, टेम्परेचर, टिंट, हायलाइट्स, शॅडोज अशा पट्ट्या फिलच्या खिडकीत आहेत. लेण्याच्या आतले फोटो काळे आणि अंगणातले पांढरेफटक येतात. शॅडोज थोड्या वर, हायलाइट्स थोडे खाली, एवढ्यात सहा फोटो एका कुटुंबातले दिसू लागतात. सॅच्युरेशनला हात लावू नका, बेसाल्ट काळसरच असतो.

फोटोवर मराठी मजकूर

एका आकारात अनेक फिल चालतात, त्याचा फायदा इथे. फोटोवर शीर्षक टाकायचं असेल तर वेगळा काळा आयत लावू नका. फोटोच्याच फिल यादीत वर आणखी एक फिल जोडा: लिनिअर ग्रेडियंट, वर पूर्ण पारदर्शक, खाली साधारण ७० टक्के काळा. फोटो बदलला तरी सावली जागेवर राहते. हे कार्ड कम्पोनंट, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरायचा साचा, केलं तर प्रत्येक प्रतीत फोटो बदलून घालता येतो.

वेब सुलभतेच्या नियमांत साध्या मजकुराला ४.५ ला १ आणि मोठ्या मजकुराला ३ ला १ इतका किमान कॉन्ट्रास्ट सांगितला आहे. तो फोटोच्या सगळ्यात उजळ जागी मोजा, सरासरी जागी नाही. देवनागरीला आणखी एक अडचण आहे. शिरोरेषेच्या वरच्या मात्रा, वेलांट्या, रफार ही बारीक अंगं आहेत, आणि खडबडीत दगडाच्या पार्श्वभूमीवर आधी तीच हरवतात. ‘रावणानुग्रह’ हा अनुस्वार-रफार नसलेला शब्द निभावतो, ‘अर्धनारीश्वर’ अडखळतो. तेव्हा फोटोवरच्या मजकुराला एक पायरी जाड वजन, ओळींमधलं अंतर निदान १५० टक्के, आणि मजकूर चौकटीच्या वरच्या कडेला चिकटलेला नको. ‘मुक्ता’ किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ हे फाँट दोन्ही चालतात.

व्हिडिओ

पहिली अट पैशाची: व्हिडिओ टाकण्याची सोय फिग्माच्या मोफत स्टार्टर योजनेत नाही. सशुल्क किंवा विद्यार्थी-शिक्षकांची एज्युकेशन योजना लागते. विद्यार्थी असाल तर पडताळणी करून ती मोफत मिळते. दुसरी अट वजनाची: एक फाईल १०० एमबीपर्यंत. स्वरूप एमपी४, एमओव्ही किंवा वेबएम.

१०० एमबी परवानगी आहे म्हणून तेवढी वापरू नका. प्रोटोटाइप उघडणाऱ्याला ती सगळी उतरवावी लागते. सेकंदाला २ मेगाबिट या दराने एका मिनिटाचा व्हिडिओ १५ एमबी होतो आणि मोबाइलच्या पडद्यावर तेवढी गुणवत्ता पुरते. आपल्या गाइडमध्ये वीस सेकंदांचं एक दृश्य आहे, अंगणातून शिखरापर्यंत वर जाणारं. ते पाच एमबीत बसतं.

रूपांतरासाठी ‘हँडब्रेक’ घ्या, मोफत आहे. नवे फोन बऱ्याचदा एचईव्हीसी या नव्या, जास्त दाबून साठवणाऱ्या पद्धतीने चित्रण साठवतात आणि ते प्रत्येक संगणकाच्या ब्राउझरमध्ये चालेलच असं नाही. ‘फास्ट ७२०पी३०’ हा तयार साचा निवडा, व्हिडिओ एच.२६४ या सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत आहे ना बघा, ‘वेब ऑप्टिमाइझ्ड’वर खूण करा. त्या खुणेमुळे पूर्ण उतरण्याआधीच व्हिडिओ सुरू होऊ शकतो. दृश्यात आवाज नको असेल तर ऑडिओचा ट्रॅक इथेच काढून टाका, नंतर म्यूट करत बसू नका.

फाईल ओढून फ्रेममध्ये टाका. कॅनव्हासवर ती स्थिर दिसेल, हा बिघाड नाही. व्हिडिओ आणि जीआयएफ दोन्ही फक्त प्रोटोटाइप चालवल्यावर हलतात. थर निवडून प्रोटोटाइपच्या पट्टीत गेलात की आपोआप सुरू होणं, पुन्हा पुन्हा फिरणं आणि आवाज यांच्या सोयी तिथे मिळतात. जीआयएफचं सुचवणाऱ्याला नम्रपणे नकार द्या. १९८७ सालचं ते स्वरूप, २५६ रंगांत दगडाच्या छटा मावत नाहीत, आणि त्याला ‘थांब’ही म्हणता येत नाही.

आवाज मागच्या दाराने

फिग्मा एमपी३ किंवा वेव्ह फाईल घेत नाही. अडोबी एक्सडीत आवाज वाजवण्याची सोय होती, पण त्या सॉफ्टवेअरचा विकास थांबल्यात जमा आहे. फिग्मात आवाज आणायचा तर व्हिडिओच्या पाठीवर बसवून.

निवेदन ‘ऑडेसिटी’त ध्वनिमुद्रित करा. मोनो पुरे. खोलीत पडदे, गाद्या, कपाट असं काही मऊ असेल तिथे बसा, घुमणारा आवाज नंतर दुरुस्त होत नाही. लाउडनेस नॉर्मलायझेशन वापरून सगळ्या फाईली उणे १६ एलयूएफएसवर (आवाजाच्या मोठेपणाचं माप) आणा, नाहीतर एका लेण्यात कुजबुज आणि पुढच्यात गर्जना. मग ‘शॉटकट’सारख्या मोफत व्हिडिओ एडिटरमध्ये एक स्थिर चित्र निवेदनाच्या लांबीएवढं पसरवा, खाली आवाज ठेवा आणि लहान आकाराची एमपी४ बाहेर काढा. आवाजासाठी एएसी हे स्वरूप निवडा.

हा वाहक व्हिडिओ पडद्यावर कुठे ठेवायचा? थराचा डोळा बंद करून लपवू नका, लपवलेला थर प्रोटोटाइपमध्ये उभाच राहत नाही. तो लहान करून एखाद्या अपारदर्शक कार्डाच्या मागे सरकवा. त्याहून चांगली युक्ती अशी की त्याला दडवूच नये: एडिटरमध्येच डावीकडून उजवीकडे भरत जाणारी पट्टी काढा आणि तो व्हिडिओच प्रगती-पट्टी म्हणून वापरा. व्हिडिओ किती सेकंदांवर आहे ते फिग्मा सलग सांगत नाही, त्यामुळे एरवी अशी पट्टी बनवणं डोकेदुखी असते. इथे आवाज आणि पट्टी एकाच फाईलमध्ये असल्याने त्यांची ताटातूट होतच नाही.

आता नियंत्रणं. व्हेरिएबल्समध्ये (बदलती किंमत साठवणारी नावं) ‘चालू’ नावाचं एक बूलियन, म्हणजे फक्त ट्रू किंवा फॉल्स असणारं, बनवा, सुरुवातीला फॉल्स. ‘ऐका’चं गोल बटण ठेवा. त्याच्यावर तंतोतंत तेवढंच ‘थांबा’चं बटण ठेवा, पूर्ण अपारदर्शक, आणि त्याची दृश्यता ‘चालू’ला बांधा. खालच्या बटणावर क्लिक झाल्यावर दोन क्रिया: व्हिडिओ प्ले, आणि ‘चालू’ ट्रू. वरच्यावर: व्हिडिओ पॉझ, आणि ‘चालू’ फॉल्स. व्हिडिओच्या थरावर ‘व्हेन व्हिडिओ एंड्स’ हा ट्रिगर, म्हणजे क्रिया सुरू करणारा प्रसंग, लावून ‘चालू’ पुन्हा फॉल्स करा, आणि पुन्हा पुन्हा फिरणं बंद ठेवा, नाहीतर शेवट येतच नाही. दहा सेकंद मागे जाण्यासाठी ‘जंप बॅकवर्ड’ आहे. ऑडिओ गाइडमध्ये हे बटण चैनीचं नाही. शेजारून शाळेची सहल गेली की दोन वाक्यं बुडतात.

मथळ्यांसाठी, म्हणजे निवेदनासोबत सरकणाऱ्या ओळींसाठी, ‘व्हेन व्हिडिओ हिट्स’ हा ट्रिगर आहे. ‘ओळ’ नावाचं स्ट्रिंग, म्हणजे मजकूर साठवणारं, व्हेरिएबल बनवून मजकुराच्या थराला बांधा. ० सेकंदाला पहिली ओळ, ४ ला दुसरी, ९ ला तिसरी, असं व्हेरिएबल बदलत न्या. पूर्ण निवेदनाला करू नका, जीव जाईल. पहिल्या अर्ध्या मिनिटाला करा, चाचणीला तेवढं पुरतं. ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासाठी या ओळी आहेतच, पण इअरफोन घरी विसरलेल्याचंही त्यांवरच भागतं.

पडदा बदलताना आवाज तुटू नये असं वाटत असेल, तर दोन्ही पडद्यांवर व्हिडिओचा थर त्याच नावाने ठेवा आणि जोडणीतलं ‘रिसेट व्हिडिओ स्टेट’ बंद ठेवा. उलट, पुढच्या लेण्याकडे गेल्यावर मागचं निवेदन बोलत राहू नये म्हणून तिथे ते चालू करा.

आवाज आपोआप सुरू करू नका. क्रोमने २०१८ पासून आणि इतर ब्राउझरांनीही, वापरकर्त्याने पडद्याला हात लावेपर्यंत आवाजासकट ऑटोप्ले अडवायला सुरुवात केली आहे. तुमच्या लॅपटॉपवर वाजलेला प्रोटोटाइप ग्राहकाच्या फोनवर मुका राहतो तो यामुळे. सुलभतेचा नियमही सांगतो की तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ आपोआप वाजणाऱ्या आवाजाला थांबवण्याची सोय हवी. पहिल्या पडद्यावर ‘सुरुवात करा’ असं मोठं बटण दिलं की दोन्ही प्रश्न मिटतात.

फोनवर आणि उन्हात

शेअर लिंक फोनवर उघडा, वाय-फाय बंद करून. पहिलं दृश्य यायला किती वेळ लागतो ते पाहा. फार लागत असेल तर जड व्हिडिओ वेगळ्या फाईलमध्ये, वेगळ्या फ्लोमध्ये (पडद्यांच्या वेगळ्या साखळीत) हलवा. मग दुपारी गच्चीवर जा आणि फोटोवरचं शीर्षक वाचता येतंय का बघा. ग्रेडियंट ७० चा ८५ टक्के करावा लागतो तो इथे.

फिग्मात काय तपासता येत नाही, तेही ठरवून घ्या. ऑडिओ गाइड ऐकणारा माणूस फोन खिशात टाकतो, पडदा बंद होतो, मध्येच फोन येतो, नेटवर्क जातं. यांतलं काहीही हा प्रोटोटाइप दाखवू शकत नाही. ही अवस्थांची चित्रं तरी काढून ठेवा: निवेदन उतरतंय, उतरलं, वाजतंय, थांबलं, फोन आल्याने अडलं, नेटवर्क नाही. खरोखर वाजवून पाहायचंच असेल तर ‘प्रोटोपाय’ या दुसऱ्या प्रोटोटाइप साधनात आवाज थेट घालता येतो, किंवा डेव्हलपरकडून दोन पडद्यांचं कच्चं ॲप करून घ्या.

हातात देताना

वाहक एमपी४ डेव्हलपरला देऊ नका. त्याला मूळ वेव्ह द्या, मूळ फोटो द्या, आणि फिग्मातून फक्त चिन्हं एसव्हीजी म्हणून व नकाशाचे भाग बाहेर काढा. पीएनजी द्यावी लागली तर एकपट, दोनपट, तीनपट अशा तिन्ही मापांत. अँड्रॉइडला दीडपट आणि चारपटही लागतात. फाईलची नावं ‘फायनल’, ‘फायनल-नवं’ अशी नकोत. लेण्याचा क्रमांक, स्थळ आणि भाषा एवढं नावात असलं की पुढे हिंदी-इंग्रजी निवेदन आलं तरी घोळ होत नाही. सोबत एक तक्ता जोडा: प्रत्येक ध्वनिफितीची लांबी, ती कशाने सुरू होते, इअरफोन निघाल्यावर काय करायचं, संपल्यावर पुढचं आपोआप सुरू व्हावं की नाही. आणि छायाचित्रकारांच्या नावांचा रकाना त्याच तक्त्यात.